थेडास आम्हाला ओळखेनासा झाला

गेम सरसकट वाईट असता तर मी हा लेख लिहिला नसता. वाईट गेम आपण दोन दिवसांत काढून टाकतो आणि विसरतो. 'ड्रॅगन एज: द वेलगार्ड' मी शेवटपर्यंत खेळले. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पेपर तपासून झाल्यावर, घरातले झोपल्यावर, भाच्याच्या कॉम्प्युटरवर, जवळजवळ साठ तास. शेवटची लढाई जिंकले, नावांची यादी पडद्यावरून सरकून गेली आणि मी खुर्चीत तशीच बसून राहिले. लहानपणीच्या मैत्रिणीच्या घरी पंधरा वर्षांनी जावं, तिने हसून दार उघडावं, छान चहापाणी करावं, आणि निघताना विचारावं, "तुमचं नाव काय म्हणालात?" तसं वाटलं.

चाळिशी ओलांडलेली उर्दू-मराठीची शिक्षिका गेम खेळते, हे आमच्या स्टाफरूममध्ये अजून कुणाला पटलेलं नाही. त्यामुळे थोडा खुलासा करते. बी.एड. होऊन मी नुकतीच नोकरीला लागले होते. धाकट्या भावाने 'अभ्यासासाठी' कॉम्प्युटर घेतला होता. अभ्यासासाठी, असं त्याने अब्बांना सांगितलं होतं. त्यावर त्याने 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' टाकला. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर कंपनीचा हा गेम २००९ च्या नोव्हेंबरमध्ये आला. भाऊ तलवारबाजीसाठी खेळायचा. मी मागे उभी राहून संवाद वाचायचे आणि "थांब, तिला हे उत्तर देऊ नकोस" म्हणायचे. महिनाभरात खुर्ची माझ्याकडे आली.

ज्यांनी असे गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. रोल-प्लेइंग गेममध्ये आपण एक पात्र घडवतो, त्याचा वंश, कुळ, स्वभाव ठरवतो आणि कथेत जागोजागी त्याच्या वतीने निर्णय घेतो. लढाई असतेच, पण खरा खेळ निर्णयांचा. 'ओरिजिन्स'मध्ये सुरुवातीच्याच सहा वेगवेगळ्या कहाण्या होत्या. मी निवडली शहरात राहणाऱ्या एल्फ मुलीची.

थेडास नावाच्या त्या काल्पनिक जगात एल्फ ही हरलेली जमात आहे. शहरात त्यांना राहायला वेगळी, भिंतीआडची वस्ती. तिला म्हणतात एलियनेज. मधोमध एक मोठं झाड, भोवती मोडकळीला आलेली घरं, आणि भिंतीबाहेरच्या माणसांच्या तोंडी त्यांच्या कानांवरून दिलेल्या शिव्या. एखाद्या वस्तीबद्दल बाकीचं शहर कसं बोलतं, हे भिवंडी-मालेगावच्या वाचकांना मी समजावून सांगायला नको. गेम सुरू होतो तो माझ्या पात्राच्या लग्नाच्या दिवशी. सरदाराचा पोरगा मित्रांना घेऊन मांडवात येतो आणि मुलींना उचलून नेतो. पुढे त्याच्यासमोर उभं राहिल्यावर तो सोन्याच्या नाण्यांचा सौदा मांडतो: पैसे घे, गप्प निघून जा. गेम ते स्वीकारायची मुभा देतो. मी स्वीकारलं नाही, पण मुभा होती, हे मला झोपू देईना.

बरेच तास पुढे गेल्यावर त्याच वस्तीत परत यावं लागतं. साथ पसरलेली असते, आणि टेव्हिंटर साम्राज्यातून आलेले 'वैद्य' एल्फांना उपचारासाठी आत घेत असतात. आत गेलेले बाहेर येत नाहीत. ते वैद्य नसतात, गुलामांचे व्यापारी असतात, आणि राज्याच्या कारभाऱ्यानेच युद्धाचा खर्च भागवायला त्यांना परवानगी दिलेली असते. कागद सापडतो, तो नंतर भर दरबारात पुरावा म्हणून मांडता येतो. व्यापाऱ्यांचा म्होरक्या हरायला लागला की आणखी एक सौदा करतो: या पिंजऱ्यातल्यांचे जीव वापरून मी तुझी ताकद वाढवून देतो. मुभा इथेही असते.

आणि ऑर्झमार. हा भाग मी वर्गातही सांगितला आहे.

ऑर्झमार हे जमिनीखालचं बुटक्यांचं राज्य. तिथे जात जन्माने ठरते. उमराव, योद्धे, लोहार, व्यापारी, खाणकामगार, सेवक, आणि सगळ्यांच्या खाली जातबाह्य, ज्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदलेली असते. राजा मेला आहे, गादीवर दोघांचा दावा आहे. भेलेन हा धाकटा राजपुत्र, कपटी, सख्ख्या भावाच्या रक्ताने हात माखलेला. हॅरोमॉंट हा वयस्कर, सभ्य, दिलेला शब्द पाळणारा दरबारी. कुणाला बसवायचं ते आपण ठरवायचं. मी अर्थातच हॅरोमॉंटला बसवलं. शेवटी पडद्यावर चार ओळी आल्या: सभ्य हॅरोमॉंटने राज्याची दारं बाहेरच्या जगासाठी बंद केली आणि जातीचे नियम आणखी कडक केले. दुसऱ्यांदा खेळून भेलेनला बसवलं. कपटी भेलेनने दरबार मोडीत काढून एकहाती सत्ता घेतली, पण व्यापार खुला केला आणि जातबाह्यांवरची बंधनं सैल केली.

नववीच्या वर्गाला मी ही गोष्ट गेमचं नाव न सांगता सांगितली, हात वर करून मत घेतलं आणि मग शेवट सांगितला. वर्ग एकदम चूप. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, मग बरोबर उत्तर कोणतं?" घंटा झाली म्हणून मी सुटले.

या मालिकेने आणखी एक गोष्ट कबूल केली होती. तुम्ही जे ठरवाल ते आम्ही लक्षात ठेवू. २०११ साली दुसरा गेम आला. तो घाईने, दीड वर्षाच्या आतबाहेर उरकलेला, तीच गुहा पाच वेळा दाखवणारा. लोकांनी तेव्हाही शिव्या घातल्या, मीही वैतागले, तरी मनातून माफ केलं. कारण त्या एकाच शहरात कर्कवॉलमध्ये राहणारी माणसं खरी होती. टेव्हिंटरमधून पळालेला फेन्रिस नावाचा गुलाम त्यात होता, ज्याच्या अंगात मालकाने जादूचं खनिज ओतून नक्षी उमटवली होती. जादूगारांबद्दल तो जे बोलायचा त्यात द्वेष होता, आणि तो द्वेष कुठून आला ते आपल्याला माहीत होतं. त्याला उत्तर देताना जीभ अडखळायची. २०१४ साली तिसरा गेम 'इन्क्विझिशन' आला, तेव्हा तर कंपनीने खास वेबसाइटच काढली, 'ड्रॅगन एज कीप' नावाची. आधीच्या दोन गेममधले शेकडो निर्णय तिथे एकेक करून नोंदवायचे, आणि ते जग घेऊन नवा गेम सुरू करायचा. मी दोन संध्याकाळी बसून ती नोंद केली. कोण राजा, कोण मेलं, कुणाला माफ केलं. पहिल्या गेममध्ये मॉरिगन या जादूगारणीशी केलेल्या एका अवघड करारातून तिला मूल झालं असेल, तर ते मूल, कीरन, पाच वर्षांनंतरच्या गेममध्ये दहा वर्षांचं होऊन समोर येतं आणि आपल्याशी बोलतं. मी त्या पोराकडे बघत बसले होते. ते माझ्या एका उत्तरामुळे जगात आलं होतं.

उर्दूत दास्तानगोईची परंपरा आहे. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने अमीर हमजाची दास्तान छापली तिचे ४६ खंड झाले. एवढ्या अफाट पसाऱ्यात चुका होतातच. पण रोज येणारा श्रोता हिशेब ठेवतो. परवा मारलेला जादूगार आज जिवंत दिसला, तर दास्तानगोला त्याचं काहीतरी कारण द्यावं लागतं, नवा तिलिस्म उभा करावा लागतो. "तो कोण? मला नाही आठवत," असं म्हणून चालत नाही.

तिसऱ्या गेमनंतर दहा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०२४ ला 'वेलगार्ड' आला. सुरुवातीला त्याने मला मागच्या जगाबद्दल तीन प्रश्न विचारले. 'इन्क्विझिशन'च्या नायिकेचं प्रेम कुणावर होतं? तिने आपली संघटना मोडली की ठेवली? सोलासला रोखायची शपथ घेतली की वाचवायची? संपलं. पहिले दोन गेम जणू घडलेच नाहीत. मॉरिगन येते, महत्त्वाचं बोलते, पण कीरनचा उल्लेख नाही. धर्मपीठावर तुम्ही कुणाला बसवलं होतं? तिचं नाव कुणी घेत नाही. फेरेल्डन आणि ओर्ले ही दक्षिणेतली राज्यं, जिथे पहिला आणि तिसरा गेम घडला, ती एकेक करून उद्ध्वस्त होत असल्याची खबर पत्रांतून येते. पत्रांतून! आपण ज्या गादीसाठी चाळीस तास झगडलो, ती पडद्याआड जळते आणि आपल्याला टपालाने कळवलं जातं. हिशेब चुकता करण्यापेक्षा वहीच चुलीत घातली, म्हणजे काम सोपं.

हेही मी गिळलं असतं. १५ वर्षांचे निर्णय एका गेममध्ये सांभाळणं अवघड आहे, हे मला समजतं. ३०० मुलांच्या निकालपत्रकाशी झगडणाऱ्या बाईला ते समजणारच. पण दुसरी गोष्ट गिळवत नाही. या गेममध्ये आपण पहिल्यांदा त्या टेव्हिंटरमध्ये पोहोचतो. तीन गेम ज्या साम्राज्याबद्दल ऐकलं, जिथून ते खोटे वैद्य आले, जिथून फेन्रिस पळाला, जे गुलामांच्या पाठीवर उभं आहे असं प्रत्येक जण सांगत आला, त्याच्या राजधानीच्या, मिनराथसच्या रस्त्यावर मी एल्फ मुलगी होऊन उतरले. आणि कुणी मान वर करून पाहिलं नाही. गुलामगिरीविरुद्ध लढणारी एक संघटना आहे, तिचे लोक भेटतात, कागदपत्रांत, संवादांत उल्लेख येतात. पण बाजार कुठे आहे? लिलाव कुठे आहे? घरात पाणी भरणारा, नजर खाली घालून जाणारा माणूस कुठे आहे? कानांवरून दिलेली ती शिवी मला साठ तासांत एकदाही ऐकू आली नाही. वाईट काम करणारे एका ठरावीक टोळीचे, काळ्या मनाचे, दुरूनच ओळखू येणारे. बाकी शहर म्हणजे रात्रीच्या दिव्यांत चमकणारं बंदर.

अँटिव्हाच्या 'क्रो' लोकांचंही तेच केलं. पहिल्या गेममध्ये झेव्हरन नावाचा मारेकरी सांगतो की त्याला लहानपणी या संघटनेने विकत घेतलं आणि मारायला शिकवलं, आणि हे तो हसत हसत सांगतो, म्हणून जास्त लागतं. इथे तेच क्रो शहराचे रक्षक, प्रेमळ कुटुंब, परकीय आक्रमणाविरुद्धचे देशभक्त. कॉफी छान करतात.

एका भल्या माणसाने घर रंगवायला काढावं आणि भिंतीवरच्या आजोबांच्या खुणाही पुसून टाकाव्यात, तसा हा प्रकार. अन्याय दाखवला नाही म्हणजे अन्यायाला विरोध झाला, असं या मंडळींना वाटलं की काय? मला एलियनेज आवडत होती म्हणून मी तिथे परत परत गेले नाही. ती भिंत दिसत होती म्हणून गेले.

संवादांबद्दल थोडं. नायक-नायिकेचं नाव रूक. रूकला बोलायला बहुतेक वेळा तीन पर्याय मिळतात: प्रेमाने हो म्हणा, विनोद करून हो म्हणा, कडक आवाजात हो म्हणा. आम्ही शिक्षक प्रश्नपत्रिका काढतो तेव्हा चारही पर्याय बरोबर असलेला प्रश्न आला तर तो रद्द करावा लागतो. इथे अख्खी प्रश्नपत्रिका तशी आहे. जुन्या गेममध्ये एखाद्या पवित्र अस्थिकलशात तुम्ही घाण ओतली, तर सोबतची श्रद्धाळू माणसं तुमच्यावर तलवार उगारायची. अ‍ॅलिस्टरच्या गुरूच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या माणसाला तुम्ही जीवदान दिलंत, तर तो कायमचा निघून जायचा. आता सोबती रुसतात, दोन मिनिटांत समजूत निघते, पुढच्या खोलीत सगळे मिळून जेवतात.

इंटरनेटवर या गेमवर जो चिखल उडाला त्यातला मोठा हिस्सा वेगळ्याच कारणाने होता, हे मला माहीत आहे. ताश नावाचं एक पात्र स्वतःला ना स्त्री मानतं ना पुरुष, यावरून काही लोकांनी आकाशपाताळ एक केलं. त्यांना माझा लेख आपल्या बाजूचा वाटू नये. या मालिकेत अशी माणसं पहिल्यापासून आहेत. 'इन्क्विझिशन'मधला क्रेम आठवा, स्त्री म्हणून जन्मलेला आणि पुरुष म्हणून जगणारा शिपाई. त्याच्याशी दोन घोट घेत झालेली ती गप्प्पांची बैठक किती सहज होती. ताशची आईशी होणारी भांडणं काही जागी खरंच काळजाला लागतात. परकीय मुलखात मुलाला वाढवणाऱ्या आईची भाषा आणि मुलाची भाषा वेगळी होते, हे दुःख मला माझ्या वर्गातल्या पालकसभेत दिसतं. पण मधूनच ते पात्र थेडासची भाषा सोडून कार्यशाळेतल्यासारखं बोलायला लागतं. तक्रार असली तर ती लिहिण्याबद्दल आहे.

आणि चांगलं ते चांगलं. लढाई या मालिकेत इतकी चपळ कधी नव्हती. वाइसहॉप्टच्या गढीचा वेढा पाहताना मी पाण्याचा घोट घ्यायला विसरले. एमरिक हा मृतांशी बोलणारा, स्वतः मात्र मरणाला घाबरणारा प्राध्यापक आणि त्याचा नोकर मॅनफ्रेड नावाचा सांगाडा, या जोडीवर माझा जीव जडला. एका वळणावर दोन शहरांवर एकाच वेळी हल्ला होतो, आपण एकालाच वाचवू शकतो, आणि सोडलेलं शहर पुढे खरंच काळवंडलेलं दिसतं. तो अर्धा तास मी जुन्या थेडासमध्ये होते. केससुद्धा सुंदर आहेत. कुणीतरी केसांवर अफाट मेहनत घेतली आहे.

म्हणूनच राग येतो. यांना जमत नव्हतं असं नाही.

दहा वर्षांत काय झालं ते आता बऱ्यापैकी बाहेर आलं आहे. सुरुवातीचा छोटा, कथाप्रधान आराखडा २०१७ मध्ये गुंडाळला गेला. त्याच्या जागी अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायचा, सतत पैसे मिळवून देणारा गेम करायचं ठरलं. त्याच धर्तीचा बायोवेअरचा 'अँथम' २०१९ मध्ये सपाटून पडला. मग २०२१ च्या सुमारास मालक कंपनी ईएने पुन्हा एकट्याने खेळायच्या गेमला परवानगी दिली. म्हणजे एका इमारतीचा पाया घालायचा, त्यावर दुसऱ्या नकाशाचे खांब चढवायचे, आणि छप्पर तिसऱ्याचं. चौघांच्या टोळक्यासाठी आखलेल्या जगात मागचे निर्णय, कडवट माणसं, निघून जाणारे सोबती कुठे बसणार? ऑगस्ट २०२३ मध्ये बायोवेअरने सुमारे ५० जणांना काढलं. त्यात मेरी कर्बी होत्या. दुसऱ्या गेमची अख्खी कहाणी ज्याच्या तोंडून आपण ऐकतो, त्या व्हॅरिकच्या लेखिका. थेडासचा दास्तानगोच तो. या गेममध्ये व्हॅरिकचं काय होतं ते सांगत नाही, ज्यांना खेळायचं आहे त्यांच्यासाठी. पण खेळून झाल्यावर कर्बींचं नाव आठवा.

जानेवारी २०२५ मध्ये ईएने सांगितलं की त्या तिमाहीत सुमारे १५ लाख लोक गेमपर्यंत आले, अपेक्षेच्या जवळपास निम्मे. पुन्हा माणसं गेली, सोलास लिहिणारे ट्रिक वीक्स यांच्यासह. मार्चमध्ये प्लेस्टेशनच्या सभासदांना हा गेम वर्गणीतच देऊन टाकला. आणि कंपनीच्या प्रमुखांनी निष्कर्ष काय काढला? की लोकांना आता एकत्र खेळायच्या सोयी हव्या असतात. म्हणजे मुलगा नापास झाला कारण त्याला पुस्तक वाचायला लावलं! ज्या वाटेने जाऊन गेम बिघडला, त्याच वाटेने पुरेसं लांब गेलो नाही, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी काय मागितलं होतं ते विचारायला त्यांना 'कीप'मध्ये डोकावता आलं असतं. आम्ही तिथे शेकडो उत्तरं लिहून ठेवली होती.

भाचा पुण्याला शिकतो. कॉम्प्युटर परत न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, "खाला, कसा आहे? मी खेळू?" मी म्हटलं, "खेळ. पण आधी 'ओरिजिन्स' खेळ." त्याने चित्रं बघून नाक मुरडलं. सोळा वर्षांपूर्वीचे चेहरे, मातकट रंग. तरी टाकला.

गेल्या गुरुवारी रात्री साडेअकराला त्याचा फोन. मला वाटलं ताप-बिप आला. म्हणाला, "खाला, ऑर्झमारला पोहोचलोय. तो म्हातारा चांगला वाटतोय, त्यालाच राजा करू ना?"

मी म्हटलं, "तुझं काय मत आहे?"

"तुम्ही सांगा ना. तुम्हाला शेवट माहितीये."

मी म्हटलं, सकाळी शाळा आहे, आणि फोन ठेवला.